एक्स्टसी उर्फ एमडीएमए: प्रयोगशाळेतून नाचघरात, आणि तिथून पुन्हा दवाखान्याच्या दारात

पारिजातक

एक्स्टसीचं नाव बहुतेक वेळा छाप्याच्या बातमीत भेटतं. किती गोळ्या सापडल्या, किती जणांना पकडलं, एवढं वाचून आपण पुढे जातो. हा पदार्थ आला कुठून, शरीरात करतो काय, माणसं नेमकी कशानं दगावतात आणि मानसोपचारतज्ज्ञ त्याच्यावर चाचण्या का घेताहेत, हे मराठीत सलग लिहिलेलं फारसं दिसत नाही. म्हणून हा धागा. भर घालायची असेल त्यांनी जरूर घालावी.

सुरुवातीलाच एक गैरसमज खोडून काढते. मर्क कंपनीनं भूक मारण्याचं औषध म्हणून एमडीएमए बनवलं, असं जागोजागी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. जर्मनीतल्या डार्मश्टाटमधल्या मर्कच्या दप्तरखान्यातले मूळ कागद तपासून २००६ मध्ये एक शोधनिबंध आला, त्यात खरी हकिकत आहे. रक्तस्राव थांबवणाऱ्या हायड्रास्टिनिनचं पेटंट बायर कंपनीकडे होतं. ते पेटंट चुकवून तसंच औषध बनवायची वाट मर्कचे रसायनशास्त्रज्ञ शोधत होते. त्या वाटेवरचा मधला टप्पा म्हणून आंतोन क्योलिश यांनी हा रेणू तयार केला. अर्जाची तारीख २४ डिसेंबर १९१२, पेटंट मिळालं १९१४ मध्ये. क्योलिश १९१६ मध्ये महायुद्धात मारले गेले. माणसाच्या मनावर याचा काय परिणाम होतो, हे तेव्हा कुणी तपासलंही नव्हतं.

नंतरची चाळीसएक वर्षं रेणू जवळजवळ अडगळीत होता. १९२७ मध्ये मर्कच्याच माक्स ओबरलिन यांनी त्याच्या काही चाचण्या केल्या, पण काम तिथेच थांबलं. १९५३-५४ मध्ये अमेरिकन लष्करासाठी मिशिगन विद्यापीठात तो प्राण्यांना टोचून किती मात्रेत जीव जातो ते पाहिलं गेलं. त्या नोंदींवरची गुप्तता उठली ती १९६९ मध्ये. लष्कराचे हेतू काय होते, याचा अंदाज दुसऱ्या एका घटनेवरून येतो. एमडीए हा एमडीएमएचा सख्खा भाऊ. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी मनोरुग्णसंस्थेत एका रुग्णाला लष्कराच्या प्रयोगाचा भाग म्हणून, त्याला काहीही न सांगता, एमडीए टोचलं गेलं आणि तो मेला. कुटुंबाला खरं कळायला दोन दशकांहून जास्त काळ गेला.

एमडीएमएला माणसांत आणलं अलेक्झांडर शुल्गिन यांनी. डाऊ केमिकलमध्ये असताना त्यांनी एक कीटकनाशक शोधलं, ते कंपनीला फायद्याचं ठरलं आणि बदल्यात त्यांना मनाजोगतं संशोधन करायची मोकळीक मिळाली. पुढे नोकरी सोडून ते कॅलिफोर्नियात घरच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. १९७६ मध्ये त्यांनी एमडीएमए स्वतः घेऊन पाहिलं आणि १९७८ मध्ये डेव्हिड निकोल्स यांच्याबरोबर माणसावरच्या परिणामांबद्दलचा पहिला निबंध छापला. मात्र पदार्थ त्याआधीच थोडाफार रस्त्यावर होता, १९७० साली शिकागोत पकडलेल्या गोळ्यांत तो सापडला होता. त्यामुळे शुल्गिननी एक्स्टसी शोधली, हे म्हणणंही अर्धवटच.

१९७७ मध्ये शुल्गिननी तो लिओ झेफ या मानसोपचारतज्ज्ञांना दिला. झेफ निवृत्तीच्या बेतात होते. अनुभव घेतल्यावर त्यांनी निवृत्तीचा विचार सोडला आणि देशभर फिरून इतर उपचारकांना त्याचा वापर शिकवला. आपल्या दुखण्याकडे न घाबरता पाहता येतं, समोरच्यावर विश्वास बसतो, असं रुग्ण सांगत. दाम्पत्यांच्या समुपदेशनातही तो वापरला गेला. हे सगळं गुपचूप चाललं होतं, कारण गवगवा झाला की बंदी येणार हे त्या मंडळींना ठाऊक होतं. एलएसडी या दुसऱ्या नशिल्या पदार्थावर तशीच बंदी आलेली त्यांनी पाहिली होती.

गवगवा झालाच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काही विक्रेत्यांनी त्याला एक्स्टसी हे नाव देऊन धंदा मांडला. टेक्सासमधल्या क्लबांत आणि बारमध्ये तो उघड मिळू लागला, कारण तेव्हा तो बेकायदा नव्हता. टेक्सासचे सिनेटर लॉइड बेन्ट्सन यांनी तक्रार केली आणि १ जुलै १९८५ पासून अमेरिकेच्या अमली पदार्थ विभागानं, म्हणजे डीईएनं, त्याला तातडीनं पहिल्या अनुसूचीत टाकलं. वैद्यकीय उपयोग शून्य आणि गैरवापराचा धोका मोठा, असा त्या अनुसूचीचा अर्थ.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उपचारकांनी आणि संशोधकांनी आव्हान दिलं, सुनावण्या झाल्या. डीईएचेच प्रशासकीय न्यायाधीश फ्रान्सिस यंग यांनी मे १९८६ मध्ये शिफारस केली की पदार्थ तिसऱ्या अनुसूचीत ठेवावा, म्हणजे डॉक्टरांना वापरता येईल आणि संशोधनही होईल. डीईएच्या प्रमुखांनी शिफारस बाजूला सारली. हार्वर्डचे लेस्टर ग्रिनस्पून कोर्टात गेले, जिंकले, आणि डिसेंबर १९८७ ते मार्च १९८८ असे तीन महिने बंदी उठली. मग डीईएनं नवी कारणं मांडून ती पुन्हा लादली. संशोधनाचा दरवाजा त्यानंतर खूप वर्षं बंद राहिला. रस्त्यावरची विक्री मात्र ह्याच काळात वाढत गेली.

---

वाटसरू

मेहनतीनं लिहिलंय, यात वाद नाही. पण एक शंका मनापासून मांडतो. असं वाचून तरुण मुलांना हा पदार्थ ‘औषधच आहे की’ असं वाटणार नाही का? मी शिक्षक आहे. मुलं आपल्याला सोयीचं तेवढंच वाक्य उचलतात.

---

पारिजातक

वाटसरू, शंका रास्त आहे. पण अर्धी माहिती त्यांच्याकडे आधीच असते आणि तीही विकणाऱ्याकडून आलेली. जिवाला धोका कुठून आहे ते मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला आवडेल. रातकिडा, तुम्ही आहात का इथे?

---

रातकिडा

आहे. मी आपत्कालीन विभागात काम करते. एक्स्टसीनं माणूस कसा मरतो, हे साध्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते.

मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन बाहेर सोडतात आणि एक पंप ते परत आत ओढून घेतो. एमडीएमए हा पंप उलटा फिरवतं. साठवलेलं सेरोटोनिन एकदम बाहेर येतं, त्याबरोबर नॉरॲड्रेनलिन आणि काही प्रमाणात डोपामिनही. जवळीक, जिव्हाळा, थकवा न जाणवणं हे त्यातून येतं. त्यातूनच नाडी आणि रक्तदाब वाढतो, जबडा आवळला जातो, शरीराचं तापमान नियंत्रण बिघडतं. साठा रिकामा झाल्यावर पुढचे काही दिवस खिन्नता, चिडचिड, झोपेची तक्रार.

पहिला मोठा धोका उष्णतेचा. गर्दीची कोंदट जागा, तासन्तास नाच, आणि दमलोय हे सांगणारी शरीराची यंत्रणाच गप्प. तापमान ४१-४२ अंशांवर गेलं की स्नायू फुटू लागतात, त्यातली प्रथिनं मूत्रपिंडात अडकतात, रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते, यकृत निकामी होतं. अशा रुग्णात प्रत्येक मिनिट मोजावं लागतं. बर्फानं, थंड द्रवांनी तापमान उतरवायचं आणि बेन्झोडायझेपिन देऊन शरीर शांत करायचं. नेहमीच्या तापाच्या गोळीचा इथे उपयोग नसतो, कारण हा ताप वेगळ्या कारणानं आलेला असतो.

दुसरा धोका बरोबर उलट्या बाजूनं येतो: पाण्याचा. एमडीएमए शरीराला पाणी धरून ठेवायला लावणारं संप्रेरक वाढवतं. लघवी होत नाही आणि वर पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदू सुजतो, झटके येतात. १९९५ मध्ये इंग्लंडमध्ये एका मुलीनं आपल्या अठराव्या वाढदिवसाला एक गोळी घेतली. नाचणाऱ्यांना उष्णतेसाठी दिलेला ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला तिनं घरात बसून पाळला. दीड तासात सुमारे ७ लिटर पाणी पोटात गेलं. ती वाचली नाही. तिचा फोटो लावून देशभर फलक लागले की एका गोळीनं जीव घेतला. गोळी शुद्ध होती हे खरं, पण जीव पाण्यानं गेला हे फलकावर नव्हतं. तेच सांगितलं असतं तर पुढच्या मुलाच्या कामाला आलं असतं. तरुण स्त्रियांमध्ये हा धोका जास्त दिसतो, हेही मुद्दाम लिहिते.

---

वाटसरू

हे मला खरंच माहीत नव्हतं. पाण्याबद्दल तर मी वर्गात उलटंच ऐकवलं असतं. मग ‘एका गोळीनं काही होत नाही, दोन-तीन घेतल्या तरच’ असं मुलं म्हणतात त्यात किती तथ्य?

---

रातकिडा

एका गोळीनंही होतं, वरचं उदाहरण त्याचंच. दुसऱ्या गोळीचं गणित तर आणखी फसवं असतं. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) एमडीएमए मोडतं त्यालाच एमडीएमए निकामी करतं. म्हणून दुप्पट घेतलं की रक्तातलं प्रमाण दुपटीपेक्षा जास्त चढतं. काही जणांत ते विकर जन्मतःच दुबळं असतं. एचआयव्हीवरचं रिटोनाविर घेणाऱ्यांत हेच विकर अडतं आणि त्यातून मृत्यू झाल्याची नोंद आहे. नैराश्यावरची जुनी एमएओ अवरोधक औषधं चालू असताना एमडीएमए घेणं म्हणजे सेरोटोनिनचा स्फोट, त्यात माणूस काही तासांत जाऊ शकतो.

---

रसायनी

इथे एक गोष्ट जोडायलाच हवी. आतापर्यंतची चर्चा गोळीत एमडीएमए आहे हे गृहीत धरून चाललीय. अनेकदा ते नसतं.

बराच काळ एमडीएमएचा कच्चा माल सॅफ्रोल होता, काही झाडांच्या तेलातून निघणारा. कंबोडियातल्या कार्डमम पर्वतरांगेत यासाठी दुर्मीळ झाडं मुळासकट उपटून जंगलातच भट्ट्या लावून तेल काढत. २००८ मध्ये तिथल्या सरकारनं ऑस्ट्रेलियन पोलिसांच्या मदतीनं ३३ टन तेल जाळलं. त्याच सुमारास युरोपात एमडीएमएचा दुष्काळ पडला. ग्राहक थांबले का? नाही. गोळ्यांवरचे शिक्के तेच राहिले आणि आत भलतंच आलं, एमसीपीपी वगैरे. मेफेड्रोन या दुसऱ्या नशिल्या पदार्थाला युरोपात पाय रोवायला याच पोकळीनं जागा करून दिली. काही वर्षांत सॅफ्रोलशिवाय चालणारी नवी पूर्वद्रव्यं आली आणि एमडीएमए परतलं ते पूर्वीपेक्षा कितीतरी जोरकस होऊन. नव्वदच्या दशकातल्या गोळीत जेवढं असे त्याच्या दुप्पट-तिप्पट आता एका गोळीत सापडतं. वडीलधाऱ्यांच्या आठवणीतली गोळी आणि आजची गोळी एक नाही. नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमेवरच्या जंगलांत या कारखान्यांची घाण पिंपांनी टाकलेली सापडते, तो वेगळाच छळ.

सगळ्यात घातक भेसळ म्हणजे पीएमए आणि पीएमएमए. ही द्रव्यं सावकाश चढतात. घेणाऱ्याला वाटतं गोळी कमजोर निघाली, म्हणून तो आणखी एक घेतो. मग दोन्ही एकत्र चढतात आणि तापमान आवाक्याबाहेर जातं. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून सरकारी आधारानं तपासणी केंद्रं चालतात, तिथे कुणीही गोळी तपासायला देऊ शकतं. डिसेंबर २०१४ मध्ये तिथे सुपरमॅनचा शिक्का असलेल्या गोळीत भरपूर पीएमएमए सापडलं. ताबडतोब देशभर इशारा गेला. त्याच गोळ्या समुद्रापलीकडे ब्रिटनमध्ये पोचल्या होत्या. तिथे अशी व्यवस्था नव्हती. नव्या वर्षाच्या आसपास चौघे मेले.

---

मोरपीस

रसायनी, वाचून सुन्न झाले. घरच्या घरी रंग बदलणारी जी चाचणी मिळते, तिचा उपयोग होतो का?

---

रसायनी

मर्यादित. मार्क्विस द्रावणानं एमडीएमए असेल तर जांभळा-काळा रंग येतो, एवढंच कळतं. किती आहे आणि सोबत दुसरं काय आहे हे कळत नाही. गडद रंगाखाली थोडं पीएमएमए सहज झाकलं जातं. त्यासाठी प्रयोगशाळेतलं यंत्रच लागतं. काळा रंग आला म्हणजे गोळी सुरक्षित, असं समजणारे लोक मला जास्त काळजीत टाकतात.

---

कोरा_कागद

मेंदूला कायमची भोकं पडतात असं पूर्वी वाचलं होतं. खरं काय?

---

पारिजातक

भोकं पडत नाहीत. या विषयात शास्त्राचीही नाचक्की झालेली आहे. सप्टेंबर २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जॉर्ज रिकोर्टे यांच्या गटाचा निबंध आला. एका रात्रीत लोक घेतात तेवढ्या एमडीएमएनं माकडांच्या डोपामिन पेशी उद्ध्वस्त होतात, पुढे कंपवातासारखा आजार होऊ शकतो, असा त्याचा सूर होता. जगभर मथळे झाले. वर्षभरात निबंध मागे घ्यावा लागला. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती आणि प्राण्यांना एमडीएमएऐवजी मेथॅम्फेटामिन दिलं गेलं होतं.

म्हणून काहीच होत नाही असं मात्र नाही. वर्षानुवर्षं खूप घेणाऱ्यांच्या मेंदूच्या चित्रणात सेरोटोनिनचे पंप कमी झालेले दिसतात. बंद केल्यावर ते बऱ्याच अंशी भरून येताना दिसतात. शब्द लक्षात ठेवण्याची क्षमताही अशा लोकांत उणी आढळते. अडचण अशी की ही माणसं सहसा गांजा, दारू आणि इतर गोष्टीही घेत असतात, त्यामुळे दोष नेमका कुणाचा हे वेगळं काढणं अवघड जातं.

---

मोरपीस

एक जोडते, कारण हा प्रयोग मला फार आवडतो. २०१८ मध्ये गुल डोलेन आणि एरिक एडसिंगर यांनी ऑक्टोपसला एमडीएमए मिसळलेल्या पाण्यात ठेवलं. एरवी हा प्राणी एकलकोंडा, दुसऱ्याला टाळणारा. त्या पाण्यातून बाहेर आल्यावर ते दुसऱ्या ऑक्टोपसजवळ जास्त वेळ राहिले, त्याला स्पर्श करू लागले. आपला आणि त्यांचा पूर्वज पन्नास कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला, तरी सेरोटोनिनचा तो पंप दोघांत इतका सारखा आहे.

---

वाटसरू

ब्रिटनमध्ये कुणी तरी घोडेस्वारी एक्स्टसीपेक्षा धोकादायक म्हटलं होतं ना? मला ती तुलना पटली नव्हती.

---

पारिजातक

डेव्हिड नट, २००९. ते तेव्हा ब्रिटिश सरकारच्या अमली पदार्थ सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या हिशेबानं घोडेस्वारीत दर ३५० वेळांना एक गंभीर अपघात, एक्स्टसीत दर १०,००० वेळांना एक. गृहमंत्र्यांनी त्यांना माफी मागायला लावली. त्याच काळात मंडळानं एक्स्टसीला ‘अ’ या सगळ्यात कडक वर्गातून ‘ब’ वर्गात आणायची शिफारस केली, तीही फेटाळली गेली. ऑक्टोबरमध्ये, गांजाबद्दलच्या एका व्याख्यानानंतर, नट यांना पदावरून काढलं.

तुमची हरकत मला अर्धी मान्य आहे. घोडा कोणता हे स्वाराला दिसतं, डोक्यावर शिरस्त्राण असतं. गोळीत काय आहे हे घेणाऱ्याला दिसत नाही. पण तो फरक रेणूमुळे पडत नाही, बाजारामुळे पडतो.

---

कोरा_कागद

आणि उपचारांचं काय झालं? मध्यंतरी मान्यता मिळणार अशा बातम्या होत्या.

---

रातकिडा

यावर मी थोडं सविस्तर लिहिते, कारण दोन्ही बाजूंनी घाई झालेली आहे.

रिक डॉब्लिन यांनी १९८६ मध्ये मॅप्स ही संस्था काढली, उद्देश हाच की एमडीएमएला रीतसर चाचण्यांतून औषध म्हणून मान्यता मिळवायची. तीन दशकांनंतर, २०१७ मध्ये, अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएनं आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडीसाठी त्याला झटपट तपासणीचा दर्जा दिला. तिसऱ्या, म्हणजे मान्यतेआधीच्या शेवटच्या टप्प्याच्या दोन चाचण्या झाल्या. २०२१ मध्ये छापलेल्या पहिलीत ९० रुग्ण होते. उपचाराअंती एमडीएमए घेतलेल्यांपैकी ६७ टक्के लोक पीटीएसडीच्या निकषात बसत नव्हते, नुसतं समुपदेशन आणि निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के. २०२३ च्या दुसरीत १०४ रुग्ण, ७१ विरुद्ध ४८ टक्के. युद्ध किंवा बलात्कारासारख्या आघातानंतर वर्षानुवर्षं झोप उडालेल्या माणसांसाठी हे आकडे फार मोठे आहेत. उपलब्ध औषधांनी अनेकांना पुरेसा आराम पडत नाही, हे मी रोज पाहते.

तरीही जून २०२४ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीनं परिणामकारकतेवर ९ विरुद्ध २ आणि फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे का यावर १० विरुद्ध १ असं प्रतिकूल मत दिलं. ऑगस्टमध्ये एफडीएनं मॅप्समधूनच निघालेल्या लायकोस कंपनीचा अर्ज नाकारून आणखी एक तिसऱ्या टप्प्याची चाचणी मागितली. कारणं खरी होती. आपल्याला खरी गोळी मिळाली की खोटी हे बहुतेक रुग्णांनी अचूक ओळखलं होतं, त्यामुळे आशेचा परिणाम किती आणि औषधाचा किती हे सांगता येईना. गोळीनंतरचा हर्षभर वगैरे परिणाम नीट नोंदलेच नव्हते, म्हणजे गैरवापराचा धोका मोजायला आधार नाही. आणि आधीच्या एका चाचणीत उपचारकांनी रुग्ण स्त्रीशी मर्यादा ओलांडून वर्तन केलं होतं. एमडीएमएच्या अमलाखाली माणूस समोरच्यावर पटकन विश्वास टाकतो. त्याच गुणावर उपचार उभा आहे आणि त्याचाच गैरफायदा घेता येतो. त्या चाचणीशी संबंधित तीन निबंध मागे घेतले गेले.

ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून अधिकृत केलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना पीटीएसडीसाठी एमडीएमए द्यायची परवानगी दिली आहे. स्वित्झर्लंडमध्ये अपवाद म्हणून परवाने मिळतात.

---

वाटसरू

रुग्णाला ओळखू येणार नाही अशी खोटी गोळी करताच येत नसेल तर नवी चाचणी होणार कशी? थोड्या मात्रेत एमडीएमएच दिलं तर?

---

रातकिडा

तो मार्ग दुसऱ्या टप्प्यात वापरून झाला. तुलनेच्या गटाला अगदी कमी मात्रा दिली होती. त्या मात्रेत भीती कमी होत नाही, नुसती अस्वस्थता वाढते, असं संशोधकांना वाटलं. मग तुलनेचा गट मागे पडल्यामुळे औषध आहे त्याहून चांगलं दिसायचा धोका येतो. म्हणूनच तिसऱ्या टप्प्यात एफडीएच्या संमतीनं निष्क्रिय गोळी वापरली आणि नेमका त्यावरच अर्ज अडला. एक पर्याय असा की रुग्णाची तपासणी करणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटात आहे ते कळू द्यायचं नाही. हे आताही केलं होतं. पण रुग्ण स्वतःबद्दल सांगतो त्यावरच गुण ठरतात, तेव्हा त्याची आशा त्या गुणांत उतरतेच. दुसरा पर्याय म्हणजे परिणाम वर्ष-दोन वर्षं मोजत राहायचा, कारण केवळ आशेवर आलेला आराम इतका टिकणं कठीण. मला हाच जास्त पटतो, पण त्याला पैसा आणि वेळ दोन्ही लागतात. नकारानंतर लायकोसनं आपल्या बहुतांश कर्मचाऱ्यांना कमी केलं, त्यामुळे ही चाचणी लगेच होणं अवघड दिसतं.